वरची फणी आणि मंगलाअक्का

धुळ्याचा माणूस जळगावकराचं कौतुक तोंडी करतो, लेखी देत नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे. परंतु श्रीमती मंगला वाघुळदे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मंगलाअक्का, यंदा साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. तेव्हा ती रीत आज मोडतो. अक्कांच्या नावावर काहीतरी मोडायला मिळण्याची ही पहिलीच वेळ आहे, कारण निर्यातीचा एकही नियम त्यांनी मला आजवर मोडू दिलेला नाही.

त्यांची आणि माझी ओळख शिंकांनी झाली. धुळ्यात आमची मिरची-मसाल्याची चक्की आहे. दोंडाईच्याच्या बाजारातून मिरची आणायची, वाळवायची, देठं खुडायची, दळायची, हे आमच्या घरचं पिढीजात काम. मस्कतला राहणाऱ्या एका नातेवाइकांचा निरोप आला, की तुमचं तिखट पाठवा, इथल्या दुकानांत ठेवतो. झालं, माझ्या अंगात वारं शिरलं. मी चकचकीत पाकिटं छापून घेतली. दर्शनी भागावर फेटा बांधलेला माझा फोटो आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'अस्सल खानदेशी ठसका'. पिशवीभर पाकिटं घेऊन एसटीनं जळगाव गाठलं. परदेशी माल पाठवण्याचं काम कोण बघतं, असं ज्याला विचारावं तो एकच नाव सांगत होता.

अक्कांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि कात्रीनं कोपरा कापला. पंख्याखाली बसलेलं त्यांचं सगळं ऑफिस शिंकायला लागलं. मला वाटलं, मालाची याहून चांगली परीक्षा काय असणार? अक्कांनी डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "यावर तुमचा फोटो आहे, पत्ता नाही. कधी दळलं ते नाही, कधीपर्यंत खायचं ते नाही, आत मिरचीशिवाय काय आहे ते नाही. मस्कतच्या माणसाला काही विचारायचं झालं, तर त्यानं फोटोशी बोलायचं का?"

मी भांडलो. माझा स्वभावच तसा आहे. आमच्या तिखटाला तीन पिढ्यांत कुणी पत्ता विचारला नाही, असं मी ठणकावून सांगितलं. अक्कांनी चहा मागवला. मी चहा पिऊन पुन्हा भांडलो. त्यांनी पुन्हा चहा मागवला. मग त्यांनी परवान्यापासून प्रयोगशाळेतल्या तपासणीपर्यंत सगळी वाट मला समजावून सांगितली, जणू मी आत्ताच आलो होतो आणि मधलं भांडण झालंच नव्हतं. पुढं तपासणीत आमच्या मिरचीवर फवारणीचा अंश जास्त निघाला आणि त्या हंगामात तिखट मस्कतला गेलंच नाही. तिखट राहिलं धुळ्यात आणि मी गेलो जळगावला, अक्कांच्या हाताखाली कामाला. चक्की धाकट्या भावानं सांभाळली. तो म्हणतो, त्यामुळेच ती टिकली.

ज्यांना अक्कांचं काम नेमकं काय ते ठाऊक नाही, अशा वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्या भागातून केळी जातात, डाळ जाते, चटया जातात, मिरची जाते. माल चांगला असला की तो जातो, असा आपला भाबडा समज असतो. प्रत्यक्षात मालाबरोबर त्याची कुंडली जावी लागते. कुणी पिकवला, कशात भरला, वजन किती, त्यावर कीड आहे का, कुठल्या लाकडावर रचला, हे सगळं कागदावर एक आणि कंटेनरात दुसरं असं होऊन चालत नाही. कागद आणि माल यांची गाठ पक्की बांधून देणं, हे अक्कांचं काम. त्यांनी अमळनेरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकून, मुंबईत मालवाहतुकीच्या एका कचेरीत काही वर्षं उमेदवारी केली. यजमान वसंतराव वरणगावच्या कारखान्यात होते, म्हणून त्या परत खानदेशात आल्या आणि जळगावात स्वतःचं ऑफिस थाटलं. बाईमाणूस, त्यात गोदीचं काम, यावर तेव्हा बाजारात बरीच चर्चा झाली म्हणतात. ती चर्चा करणारे बहुतेक जण पुढं त्यांचेच पक्षकार झाले.

आमच्या ऑफिसात सकाळची सुरुवात एका ठरलेल्या कार्यक्रमानं व्हायची. लोक चहाबरोबर राशिभविष्य वाचतात, तसे अक्का नवे नियम मोठ्यानं वाचायच्या. कुठल्या देशानं काय बंद केलं, काय उघडलं, कुठला शिक्का बदलला. आम्ही जांभया द्यायचो. मग अक्का मध्येच थांबून विचारायच्या, "यात आपल्या कोणाचं नुकसान आहे, सांगा." हा प्रश्न मला फार आवडायचा. त्यांना नियमाच्या पलीकडे कायम कुणीतरी माणूस दिसत असे, एखादा डाळमिलवाला, एखादा चटईवाला, आणि त्याला त्या दुपारच्या आत फोन करून सावध करायच्या.

चटईवरून आठवलं. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारांच्या प्लास्टिकच्या चटया आफ्रिकेला जायच्या होत्या. चटयांचे गठ्ठे लाकडी पाटांवर रचतात. ते लाकूड ठरावीक उष्णता देऊन तापवलेलं असावं लागतं, म्हणजे त्यातली कीड परमुलखात जात नाही, आणि तसं केल्याचा शिक्का लाकडावर दिसावा लागतो. कारखानदारांनी सगळं नीट केलं होतं. लाकूड तापवलेलं, शिक्का मारलेला. अक्का पाहणीला गेल्या तर सगळे पाट निळ्याशार ऑइलपेंटनं रंगवलेले, नव्या बैलगाडीसारखे चमकत उभे. शिक्का रंगाखाली गडप. कारखानदार अभिमानानं म्हणाले, "अक्का, माल पहिल्यांदा परदेशी चालला. उघडंबोडकं लाकूड कसं पाठवायचं?" अक्का हसता हसता खुर्चीत बसल्या. मग त्यांना म्हणाल्या, "रंग फार सुरेख दिलाय, तो फाटकाला ठेवा. पाट दुसरे आणा." त्या निळ्या पाटांची त्यांनी पुढं कामगारांसाठी बाकडी करून घेतली. ती बाकडी अजून आहेत आणि मी त्यांवर बसलेलो आहे.

अक्का कुणाकडून काही घेत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. एका पक्षकारांनी तरीही त्यांच्या दाराशी भरताच्या वांग्यांची टोपली गुपचूप ठेवली. अक्कांनी ती परत पाठवली नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत तुरीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला लावली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि सगळ्या ऑफिसला जेवायला बसवलं. त्या पक्षकारांनाही फोन करून बोलावलं आणि पंक्तीत सगळ्यांसमोर सांगितलं, की वांगी यांची आहेत, पोट भरून खा, यांचं काम मात्र रांगेतच होईल. ते गृहस्थ लाजले, पण तीन भाकरी खाऊन गेले.

माझ्यावर त्यांचे उपकार किती, ते मोजायला बसलो तर हा ग्रंथ मलाच आंदण द्यावा लागेल. एकच सांगतो. धुळ्यात स्वतःचं ऑफिस काढायचं माझ्या मनात आलं, तेव्हा ते अक्कांना सांगायचं कसं, या विचारानं मी कितीतरी दिवस गप्प होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "धुळ्याला कधी उघडताय?" उद्घाटनाच्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं आल्या, पेढा खाल्ला आणि पाहुणे गेल्यावर माझ्यासमोर पक्षकाराच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी दोंडाईच्याची मिरचीवाली आहे. माझ्या पाकिटावर माझा फोटो आहे. आता बोला." मग त्यांनी मला जे छळलं! मी सांगेन ते त्यांना पटेना, चिडून उठून जायचं सोंग काय केलं, "माझ्या सासऱ्यांना कुणी पत्ता विचारला नाही" म्हणून हात काय नाचवले. मी घामाघूम झालो. जाताना त्या म्हणाल्या, "दोनदा चहा विचारायला विसरलात." धुळे आणि दोंडाईच्याकडचे त्यांचे सगळे जुने पक्षकार त्यांनी त्या महिन्यात माझ्याकडे पाठवून दिले. असं कोण करतं? मी तरी दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. तेव्हा मी जळगावच्या ऑफिसातच होतो.

अक्कांचे थोरले बंधू लीलाधरनाना सावद्याकडचे केळी बागायतदार. अक्कांचं माहेर तेच. त्या गावची केळी तोवर ट्रकांत भरून उत्तरेकडच्या बाजारांत जात होती. नानांनी मनावर घेतलं, की आपली केळी समुद्रापार जायची. दारोदार फिरून त्यांनी गावातल्या बागायतदारांचा गट केला. घडांना पिशव्या घालायला लावल्या, घड जमिनीला टेकू न देता झेलून उतरवायला शिकवलं. लोकांनी चेष्टा केली, की नाना केळीला लेकरागत अंघोळ घालतात. नाना हसले आणि कामाला लागले. दुबईचे एक खरेदीदार तयार झाले. मूळचे केरळचे गृहस्थ. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पहिला कंटेनर निर्मळ आला तर हंगामभर तुमचाच माल घेतो. नाही तर दुसरे पुष्कळ आहेत. सगळ्या गावाला नानांनी शब्द दिला होता आणि तो शब्द त्या एका कंटेनरात भरला जात होता.

माल नशिराबादच्या बाहेरच्या एका पॅकहाउसमध्ये भरला जायचा. तिथं केळ्यांच्या फण्या धुणं, पुसणं, तोलणं, बॉक्समध्ये रचणं हे सगळं बाया करायच्या. त्यांच्या मुकादम शकीलाबी. हात इतका हलका, की त्यांनी कापलेल्या फणीला डाग पडत नसे. त्या दिवशी अर्धा कंटेनर भरून झाला होता, उरलेले बॉक्स थंड खोलीत होते. दिवेलागणीला गाडी निघाली तरच ती बंदराचं फाटक बंद व्हायच्या आत पोचणार होती. फाटक चुकलं की जहाज चुकलं, आणि केळी काही पुढच्या जहाजाची वाट बघत हिरवी राहत नाहीत.

बॉक्समध्ये काय आहे आणि किती आहे, याची हमी देणाऱ्या कागदावर अक्कांची सही लागायची. सही झाली की दाराला सील. सहीआधी आपल्या मनानं कुठलाही एक बॉक्स उघडून बघायचा, ही अक्कांची पद्धत. त्या दुपारी आल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि ज्याचं झाकण जरा फुगल्यासारखं दिसत होतं तो बॉक्स उघडून काट्यावर ठेवायला सांगितला. छापलेल्या वजनापेक्षा काटा बराच पुढं गेला. दुसरा ठेवला, तोही पुढं. तिसरा त्याहून पुढं.

अक्कांनी शकीलाबींकडे पाहिलं. शकीलाबी लाजून, पण खुशीत म्हणाल्या, "अक्का, पहली बार अपने इधर का माल दरिया पार जा रा. गिनके कैसे भेजना? काटे पे तो बराबर तोला. बाद में सबने एक-एक फणी ऊपर से डाली."

वाचकहो, आपल्याकडे शेंगा मोजून दिल्या तरी वर एक ओंजळ टाकल्याशिवाय देणाऱ्याचं मन भरत नाही. नेमक्या मापानं देणारा कद्रू. त्या बायांनी परक्या देशातल्या न पाहिलेल्या माणसाला आपल्याकडच्या रीतीनं दिलं होतं. कुणाचं काही चोरलं नव्हतं, उलट जास्त घातलं होतं. अशी चूक खानदेशातच होऊ शकते, आणि खरं सांगायचं तर मला ती चूक म्हणवत नाही. पण कागदावर एक वजन आणि बॉक्समध्ये दुसरं. वर दाबून बसवलेल्या फणीनं खालच्या केळ्यांना मार बसतो, मार बसलेलं केळं वाटेतच पिकतं आणि शेजारच्यालाही पिकवतं. अक्कांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तसंच विरलं. त्यांनी कागदाचं पॅड बंद केलं. "सगळे बॉक्स खाली उतरवा," म्हणाल्या.

नाना पुढं आले. "मंगल, कमी तं नाई ना दिलं? जास्तच दिलं हाये. जास्त दिल्यावर कोन रडते?"

"वजन खोटं लिहिलं असं होते, नाना. जास्त काय न् कमी काय."

"मंग कागदावर वजन वाढव. कागद तं तुह्याच हातात हाये."

"कितीनं वाढवू? कोनाची फनी मोठी, कोनाची लहान. कोनता आकडा खरा लिहू, तूच सांग."

मी नानांच्या बाजूचा होतो. गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मी म्हणालो, "अक्का, या खेपेला जाऊ द्या. तिकडं काय प्रत्येक बॉक्स उघडून मोजतात का?"

अक्का म्हणाल्या, "मीसुद्धा एकच उघडला होता."

मी मनात आमच्या अहिराणीत म्हटलं, बठ्ठं मुसळ केरमा गयं. नानांचा चेहरा उतरला होता. सगळ्या गटाची माणसं भोवती उभी. ते हळू आवाजात म्हणाले, "बठ्ठ्या गावासमोर माहेरचा माल अडवती तू?" अक्कांनी कंटेनरचं दार पुरतं उघडायला लावलं.

खरा पेच पुढं होता. बॉक्स उतरवले, तरी बाया फण्या काढायला तयार होईनात. शकीलाबींनी हात पुसले. "दिया हुआ वापस नई लेते, अक्का. बरकत जाती." बाकीच्या बायाही ओट्यावर जाऊन बसल्या. पहिल्या प्रवासाला निघालेल्या मालातून दिलेली वस्तू मागं घ्यायची, हे कुणाच्याच मनाला पटेना. नियम सांगून त्या हलल्या नसत्या आणि दरडावून तर मुळीच नाही. ऊन उतरायला लागलं होतं.

अक्का त्यांच्यात जाऊन ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "दिलेलं परत घ्यायचं नाही, बरोबर आहे. ज्याला दिलं त्यानंच पुढं वाटून टाकलं तर?" कुणाला काही कळायच्या आत त्यांनी थेट दुबईला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. खरेदीदारांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. मग विचारलं, की या बहिणींनी तुम्हाला भेट म्हणून दिलेल्या फण्या तुमच्या नावानं इथंच वाटल्या तर चालेल का? पलीकडून मोठ्यानं हसू आलं. शकीलाबी फोनजवळ सरकल्या. "भाई, बुरा तो नई लगेगा?"

"बहन, फूला हुआ बॉक्स आएगा तो बुरा लगेगा. फणी मेरी हो गई ना? मेरे नाम से बांटो."

शकीलाबी उठल्या. मग सगळ्याच उठल्या. अक्कांनी पदर खोचला आणि त्याही बॉक्स उघडायला बसल्या. मी एका काट्यावर होतो. एकेक बॉक्स थंड खोलीतून बाहेर, फणी काढायची, पुन्हा तोलायचं, पिशवी बांधायची, झाकण, परत आत. काढलेल्या फण्यांचा ढीग होत गेला तशी बायांची थट्टाही वाढत गेली. कुणी म्हणे, दुबईवाल्याच्या नावानं आधी मलाच दे. नशिराबादच्या दवाखान्यात फण्या गेल्या, हायवेवर थांबलेल्या ट्रकवाल्यांना गेल्या, उरलेल्या सकाळी शाळेसाठी ठेवल्या. दिवे लागता लागता शेवटचा बॉक्स आत गेला. अक्कांनी पुन्हा एक बॉक्स उघडून बघितला, सही केली, सील लागलं, गाडी हलली.

नाना मात्र त्याआधीच निघून गेले होते. नारळ फोडायलाही थांबले नाहीत.

गाडी वेळेत पोचली, जहाज मिळालं. पण नानांनी अक्कांशी बोलणं टाकलं. अक्का फोन करायच्या, वहिनी उचलायच्या, नाना शेतात आहेत म्हणून सांगायच्या. ऑफिसात अक्का नेहमीसारख्या हसायच्या, नियम वाचायच्या, पण मध्येच थांबून विचारायचा तो प्रश्न त्या दिवसांत त्यांनी विचारला नाही. आम्हाला वाईट वाटे. भाऊ गेला आणि कंटेनर पोचला, असा हा सौदा झाला होता, आणि त्यांनी तो उघड्या डोळ्यांनी केला होता. एकदा मी न राहवून म्हणालो, "तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाची तरी सही घ्यायची होती." अक्का म्हणाल्या, "मग नाना दुसऱ्या कुणावर रागावला असता. तो बिचारा कशाला?"

यथावकाश दुबईहून निरोप आला. तिथं उतरल्यावर तपासनिसांनी रांगेतून काही बॉक्स बाहेर काढले होते आणि काट्यावर चढवले होते. कागद आणि काटा जुळले. केळी हिरवीगार होती. खरेदीदारांनी हंगामाचा माल पक्का केला. मी आनंदानं नानांना फोन केला. नाना "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा कंटेनर भरायचा दिवस आला. नशिराबादला तेच पॅकहाउस, त्याच बाया. एक फरक होता. शकीलाबींनी दाराशी एक रिकामं क्रेट ठेवलं होतं. ज्या बाईला वरची फणी दिल्याशिवाय चैन पडत नाही, तिनं ती त्या क्रेटमध्ये दुबईवाल्या भावाच्या नावानं टाकायची आणि ते क्रेट संध्याकाळी गावात वाटायचं. ही रीत तिथं आजही चालू आहे. कुठल्याही नियमात ती बसत नाही आणि कुठल्याही नियमाच्या आड येत नाही.

माल भरून झाला. नाना एका कडेला खांबाशी उभे होते. अक्कांनी नेहमीसारखी रांगेवरून नजर फिरवली आणि का कुणास ठाऊक, त्या दिवशी बॉक्सकडे न जाता सरळ कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं. मी चकितच झालो. त्यांना त्या क्षणी भावाला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं करायचं नव्हतं, असं मला वाटतं. मी त्यांना कधी विचारलं नाही.

तेवढ्यात नाना चालत आले. त्यांनी स्वतः रांगेच्या मधोमधचा एक बॉक्स ओढून काढला, उचलून काट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. सगळं पॅकहाउस बघत होतं.

"मंगल," नाना म्हणाले, "आधी पाह्य. मंग सही कर."

अक्कांनी काट्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं, की आकडा दिसणं शक्य नव्हतं. तो मी वाचून दाखवला. बरोबर होता.

या गौरवग्रंथासाठी नानांनीही काही लिहावं म्हणून मी परवा त्यांच्याकडे गेलो होतो. आता ते थकले आहेत, पण गट त्यांच्याच शब्दावर चालतो. म्हणाले, "मले लिहिता येत नाई. तूच लिही माह्याकडून. तिले म्हन, साठ झाले, आता उन्हातान्हात हिंडू नको. तब्येतीले जप. गोळ्या वेळेवर घे." मी लिहून घेतलं आणि उठलो. नाना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आन् शंभर वर्सं जग म्हन. तिनं पाह्यल्याबिगर आमची गाडी हालत नाई."

अक्का, थोरल्या भावाची ही शुभेच्छा आहे. आम्ही सगळे धुळेकर, जळगावकर तिच्यात आमचा आवाज मिळवतो. आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या गाड्या अजून पुष्कळ निघायच्या आहेत.